उजेड कुणासाठी मोजायचा?

‘ग्रो लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्याचा खोका हातात घेऊन नीट वाचला तर त्यावर बहुधा तीन आकडे ठळक दिसतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती खाणार. ल्युमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला तो किती उजळ वाटणार. केल्विन म्हणजे त्याचा पांढरेपणा पिवळ्याकडे झुकणार की निळ्याकडे. तिन्ही आकडे खरे असतात. पण कुंडीतल्या मिरचीला या दिव्यातून नेमके काय मिळणार, हे त्यांतल्या एकावरूनही कळत नाही. खोक्यावर हिरवेगार पान मात्र हमखास छापलेले असते.

हे पुस्तक खोक्यावर न छापलेल्या चौथ्या आकड्याविषयी आहे. तो कुठून आला, कसा मोजायचा आणि मोजल्यावर त्याच्यावर किती विसंबायचे, एवढाच त्याचा विषय. लिहिताना डोळ्यांसमोर बरीच मंडळी होती: गच्चीत भाजी लावणारे, मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब-जरबेरा घेणारे, ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत केळीची रोपे वाढवणारे, घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ सांभाळणारे, आणि वनस्पतिशास्त्राचे किंवा सागरविज्ञानाचे विद्यार्थी. या लोकांची एरवी एकमेकांशी गाठ पडत नाही. झाड आणि प्रवाळ एकाच पुस्तकात कशाला, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे, कारण प्रवाळ हा प्राणी. पण उथळ, उबदार समुद्रातल्या खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या ऊतीत एकपेशीय शैवाल राहते, आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा हे शैवालच प्रकाशसंश्लेषण करून पुरवते. तेव्हा उजेडापुरता प्रवाळाचा हिशेब पानाच्याच खात्यात मांडावा लागतो. गणित गुणाकार-भागाकाराच्या फारसे पुढे जात नाही. घातांक एका ठिकाणी येतो, तोही बिचकण्यासारखा नाही.

सुरुवात डोळ्यापासून करावी लागते, कारण प्रकाशमापनाचे शास्त्र माणसाने स्वतःच्या सोयीसाठी उभे केले. रस्त्यावर, कारखान्यात, शाळेत किती उजेड हवा हे ठरवायचे होते. वेगवेगळ्या रंगांचा उजेड माणसाला किती उजळ दिसतो, याची अनेक निरीक्षकांवरून काढलेली सरासरी सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९२४ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्या वक्राचा माथा ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी हिरव्या रंगात आहे. तिथून निळ्याकडे जा की तांबड्याकडे, वक्र झपाट्याने उतरतो. ल्युमेन आणि लक्स ही दोन्ही मापे या वक्रातून गाळून येतात. लक्समीटरच्या सेन्सरवर बसवलेली हिरवट काच हे गाळण्याचेच काम करते.

या गाळणीचा परिणाम किती होतो, ते एकदा आकड्यांत पाहावे. तीन दिवे घ्या. एक निळा, ४५० नॅनोमीटरचा. दुसरा हिरवा, ५५५चा. तिसरा तांबडा, ६६०चा. तिघांतूनही एका चौरस मीटरवर सेकंदाला अगदी सारख्या संख्येने फोटॉन पडत आहेत असे धरा, समजा १०० मायक्रोमोल. हे एकक पुढे येतेच आहे. लक्समीटर हिरव्याखाली साधारण १४,७०० दाखवेल, तांबड्याखाली ७५५ आणि निळ्याखाली ६९०. फोटॉन तेवढेच असून वाचनात वीसपटीचा फरक! प्रवाळाच्या टाकीवर निळे दिवे लावून त्याखाली लक्समीटर धरणारा माणूस ‘उजेड तर काहीच नाही’ म्हणून दिवे वाढवत नेतो, आणि टाकीतले प्रवाळ आठवडाभरात फिके पडू लागते. मीटर बिघडलेले नसते. ते वाचणाऱ्याच्या डोळ्यापुरते बोलत असते.

पानाच्या बाजूने उजेड मोजण्याचा पहिला देखणा प्रयोग १८८२ साली थिओडोर एंगेलमान या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला केला. त्याने हिरव्या शैवालाचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि लोलकातून काढलेला सप्तरंगी पट्टा त्या तंतूवर लांबीच्या दिशेने पाडला. पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. थोड्या वेळात जिवाणूंनी तांबड्या भागाभोवती मोठी गर्दी केली, निळ्या भागाभोवती दुसरी, आणि मधल्या हिरव्यात ते विरळ राहिले. जिथे ऑक्सिजन जास्त सुटत होता तिथे प्रकाशसंश्लेषण जास्त चालले होते. त्या काळी असे सूक्ष्म मोजमाप करील असे कोणतेही यंत्र उपलब्ध नव्हते. एंगेलमानने जिवंत जिवाणूंचेच मीटर बनवले. या क्षेत्राच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता प्रयोग. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकला जातो, त्याची हळहळ वाटते.

मात्र त्यातूनच एक गैरसमजही पसरला. ‘झाडाला हिरवा उजेड लागत नाही, तो परत फेकला जातो म्हणून तर पान हिरवे दिसते’ हे वाक्य अजून दिव्यांच्या जाहिरातींतून फिरते. एकेरी तंतूतल्या विरळ हरितद्रव्याबाबत त्यात तथ्य आहे. जाड पानाची गोष्ट वेगळी. पानात शिरलेला हिरवा किरण पेशींमध्ये इकडेतिकडे आपटत राहतो आणि त्या फेऱ्यांत बहुतांशी शोषला जातो. शिवाय निळा आणि तांबडा वरच्या थरातच संपतात, हिरवा खोलवर पोचतो. जांभळट दिव्यांच्या पहिल्या लाटेत ज्यांनी पैसे घातले, त्यांना हे कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. त्या उजेडात पानावरचा रोगही धड दिसत नाही.

आता फोटॉन मोजायचेच का, ऊर्जा का नको, याचा विचार करू. निळ्या फोटॉनमध्ये तांबड्यापेक्षा ऊर्जा जास्त. ४५० आणि ६६० नॅनोमीटरची तुलना केली तर जवळजवळ दीडपट. पण हरितद्रव्याच्या दृष्टीने दोघांचे काम एकच: एक इलेक्ट्रॉन वर ढकलणे. निळ्याजवळची जादा ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन जाते. प्रकाशसंश्लेषणाचा हिशेब म्हणूनच वॅटमध्ये जुळत नाही, फोटॉनच्या गणतीत जुळतो.

मग ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला किती फोटॉन लागतात? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर विसाव्या शतकातले एक मोठे भांडण झाले. १९३१चे नोबेल मिळवणारे ओटो वारबर्ग यांचे उत्तर होते, चारच्या आसपास. बर्लिनमध्ये त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केलेले रॉबर्ट इमर्सन अमेरिकेत मोजत राहिले आणि त्यांना आठ ते बारा मिळत गेले. १९४८ साली वारबर्ग इमर्सन यांच्या इलिनॉयमधल्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून आले, दोघांनी एकाच छपराखाली मोजमापे केली आणि तरीही एकमत झाले नाही. वाद तत्त्वाचा कमी आणि मोजणीचा जास्त होता: शैवाल कसे वाढवले, दाब कधी वाचला, उजेड पेटवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटांत बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हिशेबात कसा धरला. कौल शेवटी इमर्सन यांच्या बाजूने लागला. आज किमान आठ हा आकडा सर्वमान्य आहे. वारबर्ग यांनी तो अखेरपर्यंत मानला नाही. इमर्सन १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये विमान अपघातात गेले. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी आणखी एक शोध लावला होता. ६८० नॅनोमीटरच्या पलीकडचा गडद तांबडा उजेड एकटा असताना निरुपयोगी ठरतो, पण त्याच्या जोडीला कमी तरंगलांबीचा उजेड दिला की दोघांचे मिळून काम बेरजेपेक्षा जास्त होते. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणा साखळीने काम करतात, हे त्यातूनच उलगडले. या शोधाचे एक टोक थेट आजच्या वादापर्यंत येते. त्याकडे वळण्याआधी मॅक्री.

कीथ मॅक्री यांनी टेक्सासमध्ये २२ पिकांची पाने घेतली. त्यांत मका, ज्वारी, भुईमूग, कापूस अशी आपल्या रोजच्या ओळखीची पिकेही होती. ३५० ते ७५० नॅनोमीटरपर्यंत पंचवीस-पंचवीसच्या टप्प्याने त्यांनी पानांवर एकेक रंग टाकला आणि पान किती कार्बन डायऑक्साइड घेते ते मोजले. १९७२ साली ते काम प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कमीअधिक कामाचा आहे. तांबडा सर्वांत चांगला, निळा थोडा मागे, आणि हिरवाही जाहिराती म्हणतात तसा वाया जाणारा नाही. प्रत्येक पिकाचा वक्र थोडा वेगळा, पण इतका नव्हे की प्रत्येकाला स्वतंत्र मीटर लागावे. म्हणून मग एक तडजोड रुजली: ४०० ते ७०० मधला फोटॉन कोणत्याही रंगाचा असो, तो एक धरायचा; त्याबाहेरचा शून्य. या पट्ट्याला ‘पार’ म्हणतात आणि बाजारातली सगळी ‘पार मीटर’ याच तडजोडीवर चालतात.

ही तडजोड आहे, निसर्गनियम नाही, हे विसरू नये. ७०० आणि ७५० मधले फोटॉन पांढऱ्या उजेडाच्या सोबत असतील तर ते जवळपास बरोबरीने काम करतात, असे अलीकडच्या वर्षांत पुन्हा दाखवून दिले गेले आहे आणि पट्टा ७५०पर्यंत वाढवावा अशी सूचना आहे. इमर्सन यांच्या निष्कर्षाचेच हे पुढचे पाऊल. माझे मत विचाराल तर शिकणाऱ्याने सध्या ४००-७०० धरून चालावे. जुन्या सगळ्या नोंदी त्याच मापात आहेत, आणि मापे बदलली की तुलना बुडते.

आता एककाबद्दल. फोटॉनची संख्या इतकी प्रचंड असते की ती मोलमध्ये मोजतात: एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. झाडासाठी मायक्रोमोल सोयीचा. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल फोटॉन पडले, हा आपला चौथा आकडा. भर दुपारच्या निरभ्र उन्हात तो सुमारे २००० असतो. त्याच उन्हात लक्समीटर लाखाच्या थोडे वर जाते, म्हणजे उन्हापुरते लक्सला ५४ने भागले की मायक्रोमोल मिळतात. हा भाजक उन्हाचाच आहे. पांढऱ्या ट्यूबला तो चौऱ्याहत्तरच्या घरात जातो, सोडियमच्या पिवळ्या दिव्याला ऐंशीच्या वर, आणि वरच्या उदाहरणातल्या निळ्या दिव्याला सातही भरत नाही. ‘लक्समधून मायक्रोमोल काढण्याचे सूत्र’ म्हणून एकच आकडा देणारा तक्ता कुठे दिसला तर तो कोणत्या दिव्यासाठी आहे ते आधी पाहावे.

क्षणाचा आकडा कळला तरी झाडाचे पोट त्यावर भरत नाही. पावसाची सर किती जोराची होती हे एक, आणि पर्जन्यमापकात दिवसभरात किती मिलिमीटर साठला हे दुसरे. शेतकरी विचारतो ते दुसरे. उजेडाचीही दिवसाची बेरीज करतात आणि ती मोलमध्ये सांगतात. सतत २५० मायक्रोमोल दहा तास दिला तर २५० गुणिले ३६,००० सेकंद, म्हणजे दिवसाला ९ मोल. इतके सोपे आहे ते. लेट्यूससारख्या पालेभाजीला दिवसाला साधारण १२ ते १७ मोल पुरतात, टोमॅटोला वीसच्या वर लागतात, आणि आफ्रिकन व्हायोलेट चार-सहावर फुलते. पाचशे लक्सच्या ऑफिसात दहा तास उजेड असूनही बेरीज पाव मोलाच्या आसपास येते. तिथला मनीप्लांट जगतो तो मुख्यतः सोशिकपणावर.

उन्हाची अशी बेरीज करायला लागणारी माहिती आपल्याकडे आहे, आणि ती असण्यामागे पुण्यातले काम आहे. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने भारतात सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले. ते उभारणाऱ्या अण्णा मणी पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणे बनवण्याचे आणि त्यांचे प्रमाणीकरण करण्याचे काम पाहत होत्या. त्यांचे भारताच्या सौरप्रारणाच्या आकडेवारीचे हस्तपुस्तक १९८० साली निघाले आणि सौरऊर्जेच्या कामात ते वर्षानुवर्षे हाताशी ठेवले गेले. त्या मोजणीत पूर्ण वर्णपटाची ऊर्जा असते, फक्त ‘पार’ नव्हे. पण उन्हात या दोहोंचे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहते. एक मेगाज्यूल प्रारणामागे साधारण दोन मोल, असा ठोकताळा चालतो. महाराष्ट्राच्या पठारावर उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी चौरस मीटरला ६ किलोवॅट-तास सहज पडतात, म्हणजे २१.६ मेगाज्यूल, म्हणजे ४४ मोलांच्या जवळपास. आषाढात आभाळ दिवसभर भरून राहिले तर हीच ऊर्जा दोनवर किंवा त्याखाली येते, आणि बेरीज पंधरा मोलांपाशी. त्यातून पॉलिहाऊसचा कागद काही उजेड अडवतो, कागदावर शेवाळ-धूळ धरली असेल तर आणखी. पावसाळ्यात जरबेऱ्याचे दांडे लांब आणि लेचेपेचे का होतात याचे कारण शोधताना खतांच्या पिशव्या बदलून पाहणाऱ्याने आधी ही बेरीज करावी.

मोजायचे कसे? पार मीटरचा सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढे नळकांडे, आणि त्याच्या डोक्यावर दुधी रंगाची चकती. ही चकती शोभेची नाही. तिरका येणारा उजेड सपाट पृष्ठभागावर पसरून पडतो, त्याचा वाटा कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात धरायला हवा, आणि ते काम चकती करते. साध्या मोबाइलमध्ये ती नसते. त्यातला सेन्सर पडद्याचा उजेड कमीजास्त करण्यासाठी बसवलेला, त्याला तिरक्या उजेडाचे गणित येत नाही. त्याच दिव्याखाली कालच्यापेक्षा आज कमी झाले का, एवढेच पाहायला तो चालेल. बाहेरच्या तक्त्याशी ताडायला नाही.

सेन्सर पानाच्या पातळीवर, आकाशाकडे तोंड करून आणि सपाट धरायचा. सपाट राखणे वाटते तितके सोपे नाही. दहा अंशांनी कलला तरी सकाळच्या तिरप्या उन्हात वाचन बरेच हलते. वाचन घेणाऱ्याने वाकून पाहू नये, डोक्याची सावली चकतीवर पडते. पांढरा सदरा घालून अगदी जवळ उभे राहिले तर उलट दोन-चार टक्के जास्त येतात. आणि एकाच जागी मोजून समाधान मानू नये. दाट वेलीच्या वरच्या पानावर ९०० दाखवणारे मीटर वीतभर खाली सरकवले की शंभराच्या आसपास येते, शेजारी उन्हाचा कवडसा असेल तर पुन्हा सहाशे. दिव्यांच्या बाबतीत तर टेबलाच्या मधला आकडा हा विक्रेत्याचा लाडका असतो. कोपऱ्यांतले चार आकडे घेतल्याशिवाय दिवा ठरवू नये. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, हा नियमही पुस्तकी बिंदुदिव्याला लागू पडतो. लांबलचक पट्ट्यांच्या दिव्याखाली, भिंतीला चकचकीत कागद लावलेला असेल तर, तो लागू पडत नाही. जुन्या स्वस्त सेन्सरांची एक खोड लक्षात ठेवावी: त्यांतले काही ६५० नॅनोमीटरनंतर आंधळे होतात आणि ६६०च्या तांबड्या दिव्याला न्याय देत नाहीत.

आकडा हाती आल्यावर झाड त्याचे काय करते हा पुढचा प्रश्न, आणि पुस्तकाचा मधला भाग त्यालाच दिला आहे. फार कमी उजेडात पान जेवढे कमावते त्याहून जास्त श्वसनात खर्च करते. एका पातळीला जमाखर्च बरोबरीला येतो; सावलीतल्या झाडांत ती पातळी फारच खाली असते. त्यापुढे उजेडासोबत कमाई वाढत जाते, मग मंदावते आणि एका मर्यादेनंतर वाढतच नाही. त्याही पुढे उजेड वाढवला तर पानाला त्याची विल्हेवाट लावत बसावे लागते, आणि लावता आली नाही तर यंत्रणाच जळते. मार्च-एप्रिलमध्ये शेडनेट का लावायचे आणि पावसाळ्यात ते का गुंडाळायचे, हे या एका वक्रात आहे. ‘जास्त म्हणजे चांगले’ हे खरे असते ते वक्राच्या सुरुवातीच्या चढावर.

उजेडाचे आणखी एक काम आहे ज्याचा या बेरजेशी संबंध नाही. गार्नर आणि अॅलर्ड यांनी १९२० साली दाखवले की कित्येक वनस्पती फुलायचे की नाही हे दिवस-रात्रीच्या लांबीवरून ठरवतात. शेवंतीला लांब रात्र हवी. मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावले तर ती कळी धरत नाही. ड्रॅगन फ्रूटच्या बागांत हिवाळ्यात रात्री बल्ब लावतात ते नेमके उलट कारणासाठी, लांब दिवसाचा आभास देऊन बिगरहंगामी फूल काढायला. अशा वेळी दोन-चार मायक्रोमोलही पुरतात. तो उजेड झाडाला निरोप असतो, अन्न नाही, आणि तो मोलच्या बेरजेत घालणे चूक आहे.

प्रवाळाकडे वळलो की हवा संपते आणि पाणी सुरू होते. पाण्यातल्या उजेडाच्या मोजणीचे जुने साधन म्हणजे आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरलेली पांढरी तबकडी. दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की खोली टिपायची. ती आजही वापरात आहे, आणि गढूळपणाचा पहिला अंदाज तिच्याइतका स्वस्तात दुसरे काही देत नाही. पण तीही माणसाच्या डोळ्यावर चालते.

पाण्यात उजेड दर मीटरला ठराविक टक्क्यांनी घटतो. घातांक येतो तो इथे. घटीचा गुणांक स्वच्छ उष्णकटिबंधीय पाण्यासारखा ०.०५ असेल तर दहा मीटरवर वरच्या उजेडाचे साठ टक्के उरतात. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यासारखा ०.५ असेल तर त्याच दहा मीटरवर एक टक्काही उरत नाही. कोकणच्या किनाऱ्याला हा फरक फार लागू आहे. मालवणला किनाऱ्यालगत प्रवाळ आहे. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरला की त्याला महिनेच्या महिने अंधारात काढावे लागतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. तिथला माथा वीस मीटरांच्या आसपास पाण्याखाली असूनही प्रवाळ नांदते, कारण गाळ तिथपर्यंत पोचत नाही. खोलीचा आकडा एकटा काही सांगत नाही. पाणी कसे आहे ते विचारावे लागते.

शिवाय पाणी रंगही निवडून खाते. ६६०चा तांबडा शुद्ध पाण्यातसुद्धा दर मीटरला तिसरा हिस्सा गमावतो आणि दहा मीटरवर दोन टक्क्यांखाली जातो. निळा मात्र दूरवर उतरतो. प्रवाळातल्या शैवालाने त्याप्रमाणे स्वतःची घडण केली आहे: त्याच्यातले हरितद्रव्य-सी आणि पेरिडिनिन निळा आणि निळा-हिरवा पट्टा उत्तम टिपतात. टाकीवर निळे दिवे लावण्यामागे हे खरे कारण आहे. त्याच दिव्यांत प्रवाळातली प्रथिने हिरवी-केशरी चमकतात, हे विक्रीचे कारण.

घरच्या टाकीत मात्र एक गोष्ट समुद्राच्या उलट असते. पन्नास-साठ सेंटीमीटर पाणी उजेड फारसा शोषत नाही. तळाला तो कमी पडतो तो दिव्यापासूनच्या अंतरामुळे आणि झोत पसरल्यामुळे. म्हणून ‘माझी टाकी इतकी खोल, तर किती दिवे’ या प्रश्नाला तक्त्याने उत्तर देता येत नाही, सेन्सर पाण्यात बुडवावाच लागतो. बुडवला की आणखी एक घोळ होतो. दुधी चकतीत शिरलेला काही उजेड हवेत असताना आतच अडकून राहतो, पाण्यात तो सहज परत निसटतो आणि वाचन कमी येते. बऱ्याच सेन्सरांसाठी दुरुस्तीचा गुणक १.३२च्या आसपास असतो, काहींचा बराच कमी. तो त्या सेन्सरच्या माहितीपत्रकात पाहावा आणि मीटर आपोआप लावते का हेही पाहावे, नाहीतर दोनदा लागतो. लाटांच्या भिंगांतून पडणाऱ्या चमका सरासरीच्या कित्येक पट प्रखर असतात, तेव्हा समुद्रातले एकेक वाचन बेभरवशाचे. काही मिनिटांची सरासरी घ्यावी. प्रवाळाला उजेड वरूनच नव्हे तर बाजूने आणि खालच्या वाळूवरूनही मिळतो, म्हणून संशोधक गोलाकार सेन्सरही वापरतात.

टाकी सांभाळणाऱ्यांच्या अनुभवातून काही पल्ले रूढ झाले आहेत: मऊ प्रवाळांना ५० ते १५० मायक्रोमोल, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ४००. हे सुरुवातीला धरायला ठीक. पण प्रवाळ ज्या उजेडातून आले त्याची त्याला सवय असते, आणि ती मोडायला आठवडे लागतात. उजेड एकदम वाढवला, त्यात पाणी तापलेले असेल, तर शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. त्यानंतर जे होते ते जास्त क्रूर आहे. प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा पांढराशुभ्र असल्याने आत आलेला उजेड तो परतवत राहतो. शैवाल जितके कमी, तितका उरलेल्या पेशींवर भडिमार जास्त. मीटरचा आकडा तोच, आणि आतल्या पेशीला मिळणारा उजेड वेगळा. इथे आपल्या चौथ्या आकड्याची हद्द संपते, आणि पुढचे काम ऊतीत घुसवायच्या सूक्ष्म सेन्सरांचे आहे. शेवटचे प्रकरण त्यावर आहे.

एक सूचना कायद्याची, कारण या पुस्तकामुळे कुणाला हौस लागली तर ती चुकीच्या वाटेने जाऊ नये. खडक रचणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आपल्या समुद्रातून त्याचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, मालवणच्या किनाऱ्यावरून असो की लक्षद्वीपहून.

प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. प्रवाळवाल्यांनी दिवसमानाचे प्रकरण आणि बागवाल्यांनी पाण्याचे प्रकरण खुशाल मागे ठेवावे. मात्र दिवसाच्या बेरजेचे तिसरे प्रकरण कुणी गाळू नये, आणि ते उघडण्याआधी घरच्याच एका खिडकीचे किंवा गच्चीच्या कोपऱ्याचे आठवडाभराचे आकडे वहीत लिहून ठेवावेत: सकाळी आठ, दहा, दुपारी बारा, दोन, चार. पार मीटर नसेल तर लक्समीटर आणा, उन्हाच्या वाचनाला ५४ने भागा. तिथले पहिले उदाहरण तुमच्या या वहीतल्या आकड्यांवरच सोडवायचे आहे.